आधी पाणी, मग हात

गोव्यात गाडीचा रंग उतरला की दोष कोणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. खारं वारं, वैशाखातलं ऊन, चार महिन्यांचा पाऊस. या तिघांमुळे रंगाचं नुकसान होतं हे खरंच आहे, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत जी झळाळी जाते ती समुद्राने नेलेली नसते. ती आपणच रोज सकाळी फडक्याने पुसून काढलेली असते.

फोंड्यात आमच्या भागात हे दृश्य नित्याचं आहे. कचेरीला निघण्याआधी माणूस बाहेर येतो, सीटखाली खोचून ठेवलेला फडका काढतो, दोनदा झटकतो आणि बॉनेटवर गोल गोल हात फिरवायला लागतो. रात्रभरात बसलेली धूळ निघते, काच लखलखते, माणसाच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. कर्ज काढून घेतलेली गाडी आहे, घरातल्या सगळ्यांची आहे, तिची निगा राखलीच पाहिजे. त्या हातातली आपुलकी खरी असते, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. हयगय करणाऱ्याची गाडी खराब झाली तर समजू शकतं. इथे मात्र जो रोज पुसतो त्याची गाडी आधी निस्तेज होते, आणि आठ-आठ दिवस फडका न लावणाऱ्या शेजाऱ्याची गाडी पहिल्या पावसानंतर नव्यासारखी दिसते.

खात्री करून घ्यायची असेल तर रात्री पेट्रोल पंपावर एखादी काळी किंवा गडद निळी गाडी उभी असेल तिच्याजवळ जाऊन बघावं. छतातल्या दिव्याचं प्रतिबिंब बॉनेटवर पडलेलं असतं आणि त्याच्याभोवती अतिशय बारीक रेषांची गोलाकार जाळी दिसते. आपण एक पाऊल बाजूला सरकलो की जाळीही सरकते. प्रत्यक्षात ते ओरखडे गोल नसतातच. पत्राभर सगळ्या दिशांना पसरलेले असे हजारो ओरखडे असतात; दिव्याच्या उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारे, याला स्वर्ल मार्क म्हणतात. नख फिरवलं तर नखाला लागत नाहीत इतके ते उथळ असतात. पण रंगाची खोली म्हणून जे काही आपल्याला शोरूममध्ये भुरळ घालतं, ते या रेषा खाऊन टाकतात, कारण उजेड सरळ परत येण्याऐवजी चहूकडे विखुरतो आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो. पांढऱ्या गाडीवर हे दिसत नाही. असतं मात्र तेवढंच.

आमच्या ओळखीचे एक डेंटिंग-पेंटिंगवाले मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्र आहे. पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो; एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या, कुठे ठोकर न लागलेल्या गाडीवर हा आकडा बहुधा १०० ते १४० च्या दरम्यान असतो. एवढ्याशा जाडीत चार थर बसवलेले असतात. पत्र्याला लागून विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. आपल्याला जो रंग दिसतो तो फारच पातळ असतो, सगळ्यांत खालच्या थराइतकाही जाड असेलच असं नाही. त्याला जपणारं लॅकर ३५ ते ५० मायक्रॉनचं. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी असलेल्या एका थराच्या भरवशावर गाडी पंधरा वर्षं उन्हात उभी राहते. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनं याच थरात मिसळलेली असतात. तो झिजला की खालचा रंग उघडा पडतो, आणि मग टपावर, बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सुटायला लागतात. एकदा तसे सुटले की कुठल्याही पॉलिशने ते भरून येत नाहीत.

मेस्त्री एकदा म्हणाले, “भाई, रंग मी देईन, अगदी शेड जुळवून देईन. पण कंपनीत भट्टीत भाजून घट्ट केलेलं लॅकर मला इथे देता येत नाही.” नव्या गाडीचे पत्रे रंगवून १४० अंशांच्या आसपास तापवतात, सीटा, वायरी, काचा बसवलेली गाडी तेवढी तापवता येत नाही. म्हणून कारखान्यातला तो मूळ थर एकदाच मिळतो.

मग आपल्या हाताला ही पुसण्याची सवय लागली कुठून? माझा मामा दाबोळीला टॅक्सी चालवायचा. काळी-पिवळी अ‍ॅम्बेसेडर. पहाटे उठून तो आधी गाडी पुसायचा, मग चहा घ्यायचा. “भाडं आधी गाडीचं तोंड बघतं, मग माझं,” असं तो म्हणायचा. त्या गाड्यांवर रंग आणि लॅकर असे वेगळे थर नसायचे. रंगच वरचा, आणि तोही जाड. ऊन खाऊन वरचा भाग खडूसारखा पांढुरका व्हायचा, मग मामा कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट, लावून तो घासून काढायचा. हातातला फडका काळा व्हायचा, खालून ताजा काळा रंग वर यायचा आणि गाडी पुन्हा लखलखायची. म्हणजे त्या रंगाला घासणं मानवायचं, निदान बरीच वर्षं तरी. मामाचं तंत्र त्याच्या गाडीसाठी बरोबर होतं. पुढे मेटॅलिक रंग आले, त्यांच्यावर लॅकरचा थर आला, गाड्या बदलल्या. हात मात्र तेच राहिले. ती शिकवण बापाकडून मुलाकडे, जुन्या ड्रायव्हरकडून नव्या ड्रायव्हरकडे जशीच्या तशी आली. आज लॅकरची गाडी घासताना फडक्याला काहीच लागत नाही, म्हणून काहीच झिजत नाही असं वाटतं. झिजणारा थर पारदर्शक असल्याने तो फडक्यावर दिसत नाही, एवढंच.

यात गोव्याच्या धुळीचा वाटा मोठा आहे. आपल्याकडची लाल माती जांभ्या दगडाची. लाखो वर्षांच्या पावसाने आणि उष्णतेने खडकातलं बाकीचं बरंचसं धुऊन नेलं आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तांबडा रंग त्या लोहाचा. त्यातल्या हेमेटाइट या लोहखनिजाची कठीणता, एक ते दहा अशा मोह्सच्या मापावर, साडेपाच-सहाच्या घरात येते, आणि मातीत मिसळलेल्या वाळूतल्या क्वार्ट्झची सात. पत्र्याचं साधं पोलाद याहून मऊ असतं, मग त्यावरच्या प्लास्टिकसारख्या लॅकरचं काय सांगावं. सोन्या-चांदीला चकाकी आणायला रूज नावाची जी लाल भुकटी वापरतात ती लोहाचं ऑक्साइडच असते. धातू घासायला वापरतात त्या जातीची पूड आपल्या अंगणात वाऱ्यावर फिरत असते आणि आपण ती कोरड्या कापडाखाली दाबून लॅकरवर फिरवतो.

खाणपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. सावर्डे-कुडचडे, उसगाव, डिचोली या बाजूला खनिजाचे ट्रक रांगेने चालायचे तेव्हा झाडांची पानंसुद्धा लाल असायची. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद झाल्या. त्या पट्ट्यातल्या घरांतून रोजगार गेला, ती गोष्ट फार मोठी आणि वेगळी. इथे एवढंच नोंदवतो की खनिजाच्या दिवसांत तिकडच्या गाड्यांची दारं खालच्या अर्ध्या भागात कायमची खरखरीत झालेली असायची, कारण ती धूळ दिवसातून दोनदा पुसली जायची. वास्कोत तक्रार वेगळ्या रंगाची आहे. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि खिडक्यांवर, गाड्यांवर काळी पूड बसते, हे तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला वाळू आणि मीठ.

चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसू नये हे चष्मेवाल्याने सांगितलेलं आपण लक्षात ठेवतो. आधी नळाखाली धरतो, मग मऊ कापड लावतो. गाडीला हाच न्याय लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि एक गोष्ट समजून घ्यावी, जी समजली की निम्मं काम होतं: नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला काही करत नाही. ती दाबून सरकवली की करते. पाणी नसेल, वेळ नसेल, तर गाडी मळकी असू द्यावी. मे महिन्यात ओपाच्या पाणीप्रकल्पाचं पाणी एक दिवसाआड येतं, टँकर मागवावा लागतो, अशा वेळी तर धुळीची गाडी हीच शहाणपणाची गाडी.

धुण्याच्या केंद्रांबद्दल लिहायला मला थोडं जड जातं, कारण तिथे काम करणाऱ्या मुलांबद्दल तक्रार नाही. पण जे चालतं ते बघवत नाही. गाडी रॅम्पवर चढते, खालून चिखल उडवला जातो, फेस मारला जातो, आणि फेस बसायच्या आत दोन मुलं दोन बाजूंनी स्पंज घेऊन सुरू होतात. फेसाचं काम काय, तर मळ भिजवून सुटा करणं आणि त्याला खाली ओघळू देणं. त्याला चार-पाच मिनिटं द्यावी लागतात, मग पाण्याच्या जोराने तो मळासकट उतरवावा लागतो, आणि त्यानंतर हात लावायचा. इथे फेस म्हणजे नुसतं वंगण होतं. मळ तिथेच, वरून स्पंज. त्याच स्पंजने चाकाच्या रिमा घासल्या जातात, जिथे ब्रेक पॅडची काळी धातूमिश्रित पूड साचलेली असते. स्पंज सिमेंटच्या जमिनीवर पडतो, उचलला जातो, बादलीत बुडतो. बादलीच्या तळाशी बोटभर लाल गाळ. तोच गाळ पुढच्या गाडीच्या टपावर जातो. एका गाडीची माती दुसऱ्या गाडीला, तिची तिसरीला. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असल्याने कण आत शिरत नाही, स्पंज आणि लॅकर यांच्यामध्ये अडकून राहतो. हातात घालायच्या, लांब धाग्यांच्या मायक्रोफायबर मोज्यात तो निदान धाग्यांच्या मुळाशी जातो.

रसायनं हा आणखी एक प्रकार. रिमा झटकन उजळाव्यात म्हणून आम्ल असलेलं क्लीनर, खालच्या बाजूला चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा, आणि शॅम्पू संपला की कपड्यांची पावडर. डिझेलने रबरी बूश आणि सील फुगतात, आणि त्यावर धूळ दुप्पट चिकटते. कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते. गाडीवर मेणाचा काही थर असला तर तो एका धुण्यात जातो आणि रबर, प्लास्टिक पांढरं पडत जातं. घरी भांड्यांचा साबण वापरणारेही पुष्कळ आहेत. तेलकट कढई सोलवटून काढायला बनवलेला तो साबण. मेणाला तो तेलच समजतो.

अशाच एका केंद्रावर एका मुलाचे हात मी जवळून बघितले. बोटांची टोकं चिरलेली, नखांच्या कडा पिवळ्या, तळव्याची कातडी सुरकुतलेली. हातमोजे का घालत नाही विचारलं तर म्हणाला, ‘‘गीला होता है तो पकड़ नहीं बनती, और टाइम जाता है.’’ दिवसाला जितक्या गाड्या तितके पैसे, आणि रविवारी रांग रस्त्यापर्यंत. जे पाणी रंगाला सोसत नाही ते त्याच्या हातांना कसं सोसणार? वीस मिनिटांत, शक्य तितक्या कमी पैशांत गाडी हवी असते ती आपल्याला. त्याला दुसरा स्वच्छ मोजा, वेगळी बादली आणि दहा मिनिटं जास्त दिली तर तो नीट काम करेल, याबद्दल मला शंका नाही. आमच्या चुलतभावाने एका ठिकाणी चाकांसाठी लाल कापड आणि अंगासाठी निळं अशी स्वतःची कापडंच नेऊन ठेवली आणि मुलाला वर पैसे द्यायला सुरुवात केली. आता तो मुलगा इतरांच्या गाड्यांनाही चाकाचं कापड वेगळं वापरतो.

प्रेशरच्या पाण्याबद्दलही एक सांगायला हवं. नोझल रंगाच्या अगदी जवळ नेलं, आणि तिथे दगड लागून टवका उडालेला असला, तर पाणी त्या टवक्याच्या कडेखाली शिरून रंग उचलतं. खारट हवेत तो उघडा पत्रा आठवड्यात तांबडा होतो. हातभर अंतर पुरेसं असतं.

पाणी आणि ऊन यांचं आपल्याकडे वेगळं वैर आहे. बॉनेट दुपारी हात टेकवता येणार नाही इतका तापलेला असताना त्यावर पाणी ओतलं तर ते पुसायच्या आत सुकतं आणि आपल्यातले क्षार गोल डागांच्या रूपाने मागे ठेवतं. जांभ्याच्या विहिरीचं पाणी तसं मऊ, पण बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी लोह उतरतं, बादलीला तांबूस कड येते. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, ते पाणी तर गाडीला लावूच नये. ताजे डाग निघतात. राहिले की उन्हात ते लॅकरमध्ये रुततात, आणि मग निघतात ते लॅकरसकट.

सावलीतली गाडी सुरक्षित, हाही आपला भाबडा समज. गोव्यातली सावली म्हणजे झाड, आणि झाडाखाली काय काय पडतं ते झाडावर आणि महिन्यावर ठरतं. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा गोडसर चिकटा पडतो, गाडीवर बारीक थेंबांची साय धरते, त्यावर धूळ बसते आणि नंतर काळी बुरशी. फणसाचा चीक तर माहीतच आहे. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. बिया वाळत घातलेल्या गोण्या बॉनेटवर टेकवणारे लोक मी बघितले आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक अ‍ॅसिड असतं, ती तापलेल्या लॅकरवर सुकून आकसते आणि खाली खळगा उठवते. या गोष्टींना मात्र थांबायचं नाही. इथे ‘धूळ असू द्या’ हा नियम चालत नाही. ओलं कापड पाच-दहा मिनिटं नुसतं त्यावर ठेवावं, मऊ झालं की उचलून घ्यावं. घासलं तर विष्ठेतला खडा आणि बी आपलं काम करतात.

पावसाळ्यात लोक निर्धास्त असतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गाडी आपोआप धुतली जाते असं वाटतं. वरची माती जाते हे खरं. पण डांबरावरचं तेल, डिझेलचा धूर आणि टायरची पूड यांचा पातळ चिकट पापुद्रा पावसाने निघत नाही. बोट फिरवलं की बोट काळं होतं. काचेच्या रबरांत हिरवं शेवाळ धरतं, दारांच्या खालच्या भोकांत पानं अडकून पाणी साठतं आणि गंज आतून सुरू होतो. यावर उपाय म्हणून गाडीवर कव्हर घालतात. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं की वाऱ्याबरोबर ते रात्रभर फडफडत राहतं, आणि सकाळी माणूस फडक्याने जे करतो तेच ते अंधारात करत असतं. त्यात आषाढातली दमट हवा कोंडली की लॅकरखाली फोड यायलाही वेळ लागत नाही. कव्हर घालायचं तर गाडी धुऊन, पूर्ण सुकवून, छपराखाली.

मग येतो दसरा. पाऊस मागे सरलेला असतो, आणि वर्षातलं सगळ्यांत मोठं धुणं त्या दिवशी निघतं. घराघरातून पाइप बाहेर येतात, मुलं चाकं घासायला नारळाचा काथ्या घेतात आणि उत्साहाच्या भरात तोच दारांवरही फिरवतात. मग झेंडूची माळ, बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक. पूजा मनापासून करावी. गाडीने वर्षभर आपल्याला सुखरूप नेलं-आणलं आहे. फक्त ओलं कुंकू आठ-आठ दिवस तसंच ठेवू नये, पिवळी आणि लाल सावली लॅकरमध्ये उतरते, पांढऱ्या गाडीवर तर ती दिवाळीपर्यंत दिसते. आमच्या आईने यावर तोडगा काढला आहे: आंब्याचं पान ठेवायचं आणि कुंकू पानावर लावायचं. लग्नाच्या गाडीला फुलं लावायला चिकटपट्टी वापरतात, ती उन्हात दोन दिवस राहिली की निघताना गोंद मागे ठेवते, मग तो ब्लेडने खरवडला जातो. पुढचं सांगायला नको.

आमच्या अंगणात आता गाडी धुतली जाते ती संध्याकाळी, बॉनेट हाताला थंड लागल्यावर. आधी पाइपाने नुसतं पाणी, टपापासून खाली, माती ओघळून पायरीपर्यंत जाईस्तोवर. याला सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पत्रा वरून खाली सरळ हाताने पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि पुन्हा शॅम्पू. दोन पत्रे झाले की साध्या पाण्याच्या बादलीत डोकावून बघावं. तळाशी बसलेली लाल वाळू बघितल्यावर ती कुठे गेली असती हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने. सुकवायला जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून टेकवायचा आणि उचलायचा. जुनी बनियन नको, तिच्या शिवणी बोचतात. मोजा जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो बाद. गाडी खरंच स्वच्छ झाली का हे बघायला पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून अलगद बोटं फिरवावी. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून वाळू शिंपडल्यासारखा खरखरतो. तो खरखरीतपणा रंगात रुतलेल्या लोहकणांचा असतो, आणि तो फडक्याने कधीच निघत नाही. त्यासाठी वेगळी चिकणमातीसारखी वडी मिळते, भरपूर ओलाव्यावर हलकेच फिरवायची.

आणि जाळी एकदा पडली की? तिथे कंपाउंड आणि बफिंग मशीन घेऊन लोक तयार असतात. ओरखडा म्हणजे दरी. तो काढायचा म्हणजे आजूबाजूचं लॅकर दरीच्या तळापर्यंत उतरवायचं. नीट करणारा माणूस जाडी मोजून दोन-तीन मायक्रॉनवर थांबतो, घाईचा माणूस बरंच जास्त घेतो, आणि कडांवर, जिथे लॅकर मुळातच पातळ असतं, तिथे मशीन एक क्षण जास्त टेकलं तर खालचा रंग बाहेर येतो. वर्षातून एकदा पॉलिश असा रतीब लावणाऱ्यांची गाडी दरवर्षी सुंदर दिसते आणि दरवर्षी बारीक होत जाते. सिरॅमिक कोटिंगचंही तसंच. ते पाणी झटकतं, मळ चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, ते चांगलंच आहे. पण तो जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर क्वार्ट्झच्या कणापुढे टिकणार नाही. महागडं कोटिंग करून घेऊन दुसऱ्या दिवशी कोरडा फडका मारणारे मालक बघितले की जीव हळहळतो.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी काळी आहे. डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न, तेव्हा गाडी आरशासारखी हवी म्हणून ते मेस्त्रींकडे गेले, मीही बरोबर होतो. मेस्त्रींनी यंत्र टेकवलं. टपावर ११५ आला, दारांवर त्याच्या आसपास, बॉनेटवर ८०. आधी कुठल्या तरी केंद्राने दोनदा कंपाउंड मारलं होतं. “बॉनेटला आता मशीन लावू नका,” मेस्त्री म्हणाले. काकांनी विचारलं, “मग ही जाळी?” “ती राहू द्या. घालवायला गेलो तर दोन उन्हाळ्यांत पापुद्रे निघतील. हाताने मेण लावून देतो, थोडी बुजेल.” काका थोडे हिरमुसले, मग त्यांनी मेण लावून घेतलं आणि परत येताना वाटेत दोन बादल्या घेतल्या. लग्नाच्या गाडीला झेंडू दोऱ्याने बांधायचा, चिकटपट्टी लावू द्यायची नाही, हे त्यांनी सजावटवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे.